परक्याचा उजेड

घरानं मयूरीला ओळखायचं सोडलं ते सकाळच्या चहाच्या वेळी.

ती स्वयंपाकघरात शिरली आणि डोक्यावर पांढराफेक उजेड पडला. दवाखान्यात टेबलावर झोपवल्यावर तोंडावर मारतात तसला. तिचा उजेड पिवळा होता, संध्याकाळच्या उन्हासारखा. लग्नानंतर घर बांधलं तेव्हापासून ती ज्या खोलीत जाई तिथं तोच लागायचा. सासूचा वेगळा, नवऱ्याचा वेगळा, लेकीचा वेगळा. पांढरा उजेड फक्त परक्याला. गडी, कुरिअरवाला, वर्गणी मागायला आलेली पोरं.

मयूरी मागं सरली, बाहेर गेली, पुन्हा आत आली. पुन्हा पांढरा.

"काय गं, आत-बाहेर काय खेळतीस?" हॉलमधून सासूचा आवाज आला. शालनबाई सोफ्यावर बसून लसूण सोलत होत्या. "वारं लागलंय का?"

"न्हाई आत्या. झाकणी विसरले होते." सासूला आत्या म्हणायची या भागातली रीत, म्हणून आत्या. नाहीतर त्या शब्दातली माया या घरात कुणी बघितली नव्हती.

मयूरीनं गॅस पेटवला. दुधाकडं बघत ती उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, दिवा बिघडलेला नाही. आपण बदललोय, आणि ते दिव्याला कळलंय.

त्या दिव्यांचा धंदाच संग्रामचा होता. 'जमदाडे लाइट सिस्टिम्स', सांगलीत मोठं शोरूम. आणि तासगाव रस्त्यावरचा हा बंगला म्हणजे त्याचं दुसरं शोरूम. गिऱ्हाइकांना तो घरी आणायचा आणि एकच भाषण ठोकायचा. मयूरीला ते पाठ झालं होतं.

"जुन्या सेन्सरला फक्त हलणारी ऊब कळायची, साहेब. माणूस गप बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी. संडासात बसलेल्या म्हाताऱ्याला अंधारात हात हलवत बसाय लागायचं, मी हाय, मी हाय म्हणून." इथं गिऱ्हाईक हसायचं. "आता छतात ही नखाएवढी चिप. रडार. हिच्यातनं लहरी सुटतात, अंगावर आदळून परत येतात. श्वास घेताना छाती जराशी वर येते ना, तेवढं हिला पुरतं. काळजाचा ठोका कातडीला धक्का देतो, त्यो बी कळतो. चाल, पावलातलं अंतर, श्वासाची गती, ठोका, सगळं मिळून एका माणसाची एक सही. कॅमेरा न्हाई, फोटो न्हाई, इज्जतीला धोका न्हाई. पण घरात कोण हाय, कुठल्या खोलीत हाय, ते तुमच्या मोबाइलवर. आणि सही चुकत न्हाई. माणूस चुकंल."

मग तो आत वळून हाक मारायचा, "मयूरी, जरा चालून दाखव."

आणि मयूरी पदर सावरून या खोलीतून त्या खोलीत चालायची. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं चालून दाखवलं होतं, ते एकदाच. इथं आठवड्याला.

चिप बनवणाऱ्या कंपनीनं दिलेल्या ॲपमध्ये एक बटण नव्हतं, ते संग्रामनं पदरचा प्रोग्रामर लावून करून घेतलं होतं. 'चार दिवस' नावाचं. सून बाजूला बसली की सासूनं ते दाबायचं. मग सुनेनं देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की लाल दिवा, आणि सासूच्या मोबाइलवर घंटी. इंजिनिअर, वकील, प्राध्यापक, सगळ्यांनी ते बटण मागून घेतलं. या एका बटणावर संग्रामनं सबंध जिल्ह्यात मशिनं खपवली. विज्ञान घरात येतं तेव्हा चपला बाहेर काढून येतं, दुसरं काय.

तर ते बटण शालनबाई दर महिन्याला दाबत होत्या. मयूरी वेळच्या वेळी सांगत होती, "आत्या, मी बसले." मागच्या खोलीत चटईवर, वेगळं ताट, वेगळा तांब्या.

आणि मयूरीला पाचवा महिना चालू होता.

स्वरा सहा वर्षांची. तिच्यानंतर दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा दुसरा महिना संपायच्या आत शालनबाईंनी रक्त काढायला लावलं. आईच्या रक्तात पोटातल्या जीवाचे धागे तरंगत असतात, त्यावरून मुलगा की मुलगी कळतं. कायद्यानं सांगायला बंदी, म्हणून तपासणीचं पाकीट लपून घरपोच यायचं. दोन्ही वेळा मुलगी. दोन्ही वेळा सीमेपलीकडच्या एका डॉक्टरकडं नेऊन 'साफ' करून आणलं. दुसऱ्या खेपेला परत येताना गाडीत शालनबाई म्हणाल्या होत्या, "वाटेत बासुंदी घेऊ. एवढं लांब आलोय तर." मयूरीला त्या डॉक्टरचं तोंड आठवत नव्हतं. ती बासुंदी आठवत होती.

या वेळी तिनं ठरवलं, कळू द्यायचं नाही. तो डॉक्टर सहाव्या महिन्यापर्यंत करतो असं ऐकलं होतं. सातवा लागेपर्यंत रेटायचं. अंगानं ती काटकुळी, ढगळ गाऊनमध्ये काही दिसत नव्हतं. "बसून खाऊन सुटलीस," एवढंच सासू म्हणायची. नवऱ्यानं तिच्याकडं नीट बघून वर्षं झाली होती. माणसं आंधळी होती, त्यांचं काही नव्हतं. पण छतातली चिप आंधळी नव्हती. गर्भार बाईचा श्वास बसल्या जागी वाढतो. ठोका वाढतो. पोटाचा भार पुढं येतो, तोल सांभाळायला पावलं फाकतात. मयूरीची सही पुसली जात होती.

मग तिनं जे केलं ते आधी कुठल्या बाईनं केलं नसेल. ती स्वतःचीच नक्कल शिकायला बसली. सासू दुपारी मंडळाच्या भजनाला गेली की ती बेडरूमच्या दारातून आत-बाहेर करायची. पावलं जवळ. खांदे मागं. श्वास दाबून, सावकाश, जसा पूर्वी होता तसा. पिवळा लागला की जीव भांड्यात. पांढरा लागला की पुन्हा. धाप लागायची, आणि धाप लागली की नक्की पांढरा. मग ती पलंगावर पडून राहायची, आणि वरून तो परक्याचा उजेड तिच्या पोटावर पडलेला असायचा.

एका रविवारी मिरजेचा एक बिल्डर बायकोला घेऊन आला. भाषण झालं. हाक आली. मयूरी हॉलमधून निघाली, श्वास धरून. स्वयंपाकघर, पिवळा. देवघर, पिवळा. संग्राम फुलला होता. बेडरूमच्या दारात तिचा दम संपला आणि पांढरा भपकन लागला.

"हे काय, जमदाडे?" बिल्डर हसला. "बायकोच परकी झाली की तुमची."

"अपडेट आलाय नवा," संग्राम म्हणाला. कान लाल झाले होते. "होतं कधीमधी."

बिल्डरच्या बायकोनं दिव्याकडं बघितलंच नाही. तिनं मयूरीच्या पावलांकडं बघितलं, मग गाऊनकडं, मग तोंडाकडं. आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, उशीर होतोय."

दिवा नुसतं पिवळं-पांढरं करून थांबत नव्हता. तो नोंद ठेवत होता, आणि ती नोंद नवऱ्याच्या आणि सासूच्या मोबाइलवर जात होती. 'अनोळखी व्यक्ती. बेडरूम. दुपार.' मयूरीला हे माहीत होतं. तिला वाटलं होतं, बिघाड म्हणून सोडून देतील. ज्या माणसानं जिल्ह्याला 'सही चुकत नाही' म्हणून सांगितलंय, तो बिघाड म्हणेल कसा, एवढं तिच्या डोक्यात आलं नाही.

बुधवारी सकाळी स्वरा शाळेला गेली आणि संग्राम कामाला न जाता हॉलमध्येच बसून राहिला. शालनबाई शेजारी.

"बस," संग्राम म्हणाला.

मयूरी बसली.

"कोण येतं?"

"कुठं?"

"मला येडा समजू नको." त्यानं मोबाइल टेबलावर सरकवला. "हे बघ. मम्मी भजनाला जाते. तू बेडरूममध्ये जातीस. मग आत अनोळखी माणूस. मग तू बाहेर येतीस. रोज. पंधरा दिवस चाललंय."

"मशीन चुकतंय."

"मशीन चुकत न्हाई."

"एकदा तरी दोन माणसं दाखवली का त्यात?" मयूरी म्हणाली. "बघा की. एका वेळी एकच दाखवतंय. मी तरी, नाहीतर त्यो तरी. दोघं एका खोलीत असतो तर दोन दिसायला नकोत?"

संग्राम गिऱ्हाइकाला समजावतात तशा आवाजात बोलला. "दोन माणसं अंगाला अंग लावून पडली असली, तर मशीनला एकच दिसतं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तसं."

मयूरीला हसू आलं. ते दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शालनबाईंनी ते पाणी बघितलं आणि मान हलवली, हं, आता कशी.

"पाण्याचा फिल्टर बदलायला येतंय ते दिगंबर," शालनबाई म्हणाल्या. "त्याला काल बेदाण्याच्या शेडवर नेऊन विचारलंय. हात मोडला, पण कबूल होईना मेलं. आज दुसरा हात हाय."

दिगंबर. दोन महिन्यांतून एकदा यायचा, पायपुसण्यावर बूट काढायचा, पाणी सुद्धा मागून प्यायचा नाही. बायको, तीन पोरं. हाताशिवाय त्याच्याकडं होतं काय?

मयूरीनं डोळे मिटले. कुठल्या बाजूनं गेलं तरी खड्डा. गप्प बसलं तर त्या माणसाचा दुसरा हात. बोललं तर पोटातलं.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "कुणी येत न्हाई. मला पाचवा महिना हाय. म्हणून मशीनला मी ओळखू येत न्हाई."

शालनबाईंची नजर तिच्या गाऊनवर गेली.

"खोटं," शालनबाई म्हणाल्या. "दर महिन्याला बसत होतीस. मी बटण दाबत होते."

"बसत होते. तुम्हाला कळू नये म्हणून."

शालनबाई वाकून तिच्या तोंडाजवळ आल्या. "नवऱ्याचं असतं तर लपवलं असतंस व्हय गं?"

ज्या चटईनं पाच महिने वाचवलं, तिचाच आता पुरावा झाला.

संग्रामनं मात्र कंपनीला फोन लावला. तो धंदेवाला होता, त्याला खात्री पाहिजे होती. स्पीकरवर एका पोरीचा गोड आवाज आला. "सर, ओळख चुकण्याची कारणं म्हणजे पायाला प्लॅस्टर, दम्याचा विकार, वजनात मोठा बदल किंवा गर्भावस्था. अशा वेळी कृपया त्या सदस्याची नव्यानं नोंदणी करा. आणखी काही मदत करू का, सर?"

"नको," संग्राम म्हणाला, आणि त्यानं सुटकेचा श्वास सोडला. मयूरीनं तो श्वास ऐकला. बायको बदफैली नाही म्हणून सोडलेला नव्हता तो. मशीन चुकलं नाही म्हणून होता.

दिगंबरला सोडलं. दवाखान्यात कुणी नेलं नाही, फाटकाबाहेर सोडलं.

दुसऱ्याच दिवशी पाकीट आलं. या वेळी दोन्ही तपासायचं, कुणाचं आणि काय. मयूरीचं रक्त, संग्रामच्या गालातला कापूस. शनिवारी जेवणं चालू असताना निकाल मोबाइलवर आला. संग्रामनं घास खाली ठेवला.

"माझंच हाय, मम्मी."

"आणि?"

"पोरगी."

शालनबाईंनी भातावर आमटी घेतली, कालवली, एक घास खाल्ला. मग शांतपणे म्हणाल्या, "मग ते तुझं असायची काय गरज हाय?"

संग्रामला कळायला वेळ लागला. मयूरीला लागला नाही.

"तुझं म्हटलं तर ही घरातच राहणार, आणि पोरीवर पोरी काढणार. दुसरी करायची म्हटलं तर कोर्टात दहा वर्षं. ह्या निकालाचं कुणाला म्हाईत हाय? आपल्या तिघांस्नी. आणि त्या दिव्याच्या नोंदीचं?" त्यांनी चमचा छताकडं केला. "ती तर छापूनच हाय."

त्यांनी संग्रामच्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि निकाल पुसला. मग मयूरीकडं वळल्या. आवाज मऊ केला. "मी काय राक्षीण न्हाई. गुरुवारी डॉक्टरकडं चल. मोकळी होऊन आलीस की दिव्याची नोंद बी पुसू. तू घरची सून, मी तुझी आत्या. न्हाई आलीस, तर रविवारी तुझ्या आप्पांना बोलावते आणि त्यांच्यापुढं नोंद ठेवते. बघ. तुझं तू ठरव."

गुरुवारी गाडी दारात उभी राहिली. मयूरी मागच्या खोलीत कडी लावून बसली. गाडी दुपारपर्यंत उभी राहिली आणि मग आत गेली.

रविवारी आप्पा आले. मयूरीचे वडील, साखर कारखान्यात हयात काढून निवृत्त झालेले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसणारे. संग्रामनं नोंद दाखवली. प्रत्येक ओळ वाचून दाखवली. आप्पा ऐकत होते आणि त्यांची बोटं टोपी गोल गोल फिरवत होती.

जावयानं हेच मशीन त्यांच्याही घरी बसवून दिलं होतं. दोन वर्षांमागं मयूरीच्या आईचा ठोका मध्येच चुकायला लागला, तो या मशीननंच पकडला. डॉक्टर म्हणाले होते, एक दिवस उशीर झाला असता तर बाई गेली होती.

"त्या मशीननं तुझ्या आईला वाचवलं," आप्पा म्हणाले. "त्याला खोटं कसं म्हणू?" मग त्यांनी मान वर केली. डोळे पाणावले होते. "पण तू म्हण. एकदा न्हाई म्हण, मयू. तू न्हाई म्हणालीस, तर मी ते मशीन काढून उकिरड्यावर टाकतो. तुझ्या शब्दावर."

सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं. शालनबाईंच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. त्यांना माहीत होतं आणि मयूरीलाही. ती 'नाही' म्हणाली तर आप्पा समाधानानं चहा पिऊन जातील. ती सून राहील. आणि उद्या कडी तोडून तिला गाडीत घालतील. खरं बाहेर सांगितलं, तरी पोलीस काय, डॉक्टर काय, या अंगणात येऊन मशिनं घेऊन गेलेलेच. आणि आप्पा? मुलगी आहे म्हणून मारतायत, असं सांगितलं तर? मागच्या दोन वेळी तिनं रडत माहेरी फोन केला होता. आप्पाच म्हणाले होते, "मोठ्यांच्या विचारानं घे."

"होता," मयूरी म्हणाली.

टोपी फिरायची थांबली.

"होता माणूस. फिल्टरवाला नव्हं. त्याचं नाव कुणी घ्यायचं न्हाई."

"कोण मग?"

"मशीनला म्हाईत न्हाई. मी बी सांगत न्हाई."

आप्पा उठले. त्यांनी हात उगारला, तसाच धरला, आणि खाली घेतला. टोपी घातली. दारातून बाहेर पडले, गाडीत बसले, आणि काच वर केली. माहेरची गाडी तिला न घेता गेली.

"स्वराला बी घेऊन जा," शालनबाई आत वळता वळता म्हणाल्या. "तिची तरी काय खात्री."

ती पोटातली पोर, जाई, मिरजेच्या सरकारी दवाखान्यात जन्मली. मयूरी बेदाणे निवडायला जाऊ लागली, पोर ओटीत आणि स्वरा शेजारी बसून अभ्यास करायची. स्टेशनमागं एका काकूंच्या माडीवर खोली मिळाली होती. नवरा आखातात असतो, असं सांगून. काकू वाईट नव्हत्या. तान्ह्या पोरीला तेल लावायच्या, स्वराला गूळ-शेंगदाणे द्यायच्या. फक्त भाडेकरूंच्या खोलीत किती माणसं राहतात, दिवे कोण जाळतं, यावर त्यांची फार नजर. म्हणून त्यांनी मशीन बसवायचं ठरवलं.

फिटर आला, नलवडे नावाचा, पन्नाशीचा, बोलका. खिशावर 'जमदाडे लाइट सिस्टिम्स' शिवलेलं. शिडीवर चढून तो छताला भोक पाडता पाडता काकूंना गोष्ट सांगायला लागला.

"लई भारी हाय हे, काकू. तासगावकडच्या एका बंगल्यातली खरी गोष्ट. सून दुपारी यार घरात घ्यायची. कुणाला पत्ता न्हाई. ह्या मशीननं पकडलं. मालक सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतात, नाव सांगत न्हाईत बंगल्याचं, मोठी माणसं हायत."

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "मग काय केलं तिचं?"

"हाकलली. पोरं पण तसलीच निघाली म्हणे, तिच्यासंगं घालवून दिली."

"असलीला दारात कोण उभी करील?" काकू म्हणाल्या आणि मयूरीकडं बघून मान हलवली. "तू दोन पोरींना घेऊन कष्ट करतीस, आणि ती बघ."

मयूरी जाईला मांडीवर थोपटत होती.

नलवडे खाली उतरला, मोबाइल काढला. "चला, नोंदणी. मोठ्या पोरीचं नाव? आणि तान्हीचं? वडलांचं पूर्ण नाव पण लागतं, ताई. भाडेकरूंची नोंद आता पोलीस ठाण्यातपण जाते."

खोटं नाव तिच्या जिभेवर तयार होतं. काकूंना सांगितलेलं, आखातातल्या नवऱ्याचं. ते दिलं की खोली राहणार होती, तेल राहणार होतं, गूळ-शेंगदाणे राहणार होते. तिनं मांडीवर बघितलं. या पोरीचा जीव वाचवायला तिनं एकदा तिचा बाप नाकारला होता. तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. आज जाणार होती ती फक्त खोली.

"स्वरा संग्राम जमदाडे," ती म्हणाली. "आणि जाई संग्राम जमदाडे."

नलवडेचं बोट काचेवर थांबलं. त्यानं स्वतःच्या खिशाकडं बघितलं, मग मांडीवरच्या पोरीकडं. नाक, कपाळ. दर खेपेला त्याला पगारी रजा नाकारणाऱ्या माणसाचंच तोंड, इवलंसं.

"आमच्या मालकांचं नाव..."

"त्यांचंच. दोन्ही पोरी त्यांच्याच. त्यांनी तपासून बघितलंय, आणि पुसलंय. लिहा की, थांबलात कशाला?"

काकू भिंतीला टेकल्या. "म्हणजे ती बंगल्यातली..."

"मीच," मयूरी म्हणाली. "यार न्हवता कुणी. पोटात पोरगी होती."

नलवडेनं लिहिलं. अक्षर अक्षर दाबत, मान वर न करता. शिडी मिटली, काखेत मारली आणि जिन्यानं उतरून गेला. काकूंना खरं वाटलं की नाही, ते तोंडावर दिसलं नाही. खरं असलं तरी काय, उद्या गल्लीत फिरणार होती ती नलवडेनं सांगितलेलीच गोष्ट. तेलाची वाटी उचलून त्या खाली गेल्या.

मयूरीनं जाईला खांद्यावर घेतलं आणि कॉटखालची बॅग पुढं ओढली. काकू खोली सोडायचा निरोप घेऊन वर यायच्या आत कपडे भरून व्हायला हवे होते.